ड्रमसाठी खोली, मग बाकीचे घरी

प्रश्न : आमचा चौघांचा रॉक बँड आहे. आठ गाणी तयार असून, घराजवळच्या साडेतीन मीटर लांबीच्या ज्या खोलीत आम्ही सराव करतो, तिथेच स्वखर्चाने अल्बम ध्वनिमुद्रित करण्याचा विचार आहे. स्टुडिओशिवाय काम कच्चेच राहील, असे एक जाणकार स्नेही म्हणतात. आमचा गिटारवादक मात्र अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा दाखला देतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही अर्धेच ऐकावे. स्प्रिंगस्टीन यांचा १९८२ चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम त्यांनी घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर मुद्रित केला होता आणि त्यांतील गाणी पुढे बँडसह स्टुडिओत वाजवून पाहिल्यानंतरही प्रसिद्ध झाली ती घरचीच कॅसेट, हे खरे आहे. परंतु तो एकट्या गायकाचा, मुख्यतः गिटार आणि माउथ ऑर्गन यांच्या साथीचा अल्बम होता. त्यात ड्रमसंच नव्हता. आपल्या प्रश्नाची मेख नेमकी तिथे आहे.

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर चार बोटांवर मायक्रोफोन ठेवला की त्याला खोली फारशी ऐकू येत नाही, आणि बेस गिटार तर डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्याची तार सरळ मुद्रणयंत्राला जोडणाऱ्या छोट्या पेटीतून, मायक्रोफोनशिवाय थेट मुद्रित करता येते. ड्रमचे तसे नाही. झांजांच्या वर टांगलेले मायक्रोफोन वाद्याइतकीच खोलीही टिपतात. छत ठेंगणे असेल तर त्यावर आपटून परतलेला आवाज मूळ आवाजात किंचित उशिराने मिसळतो, काही कंप्रता कापल्या जातात आणि झांज पत्र्यासारखी वाजते. हा दोष नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही. म्हणून हाती असलेल्या पैशाचा मोठा वाटा ड्रमसाठी उंच छताची जागा दोन-तीन दिवस भाड्याने घेण्यावर खर्च करावा. वरचे दोन्ही मायक्रोफोन स्नेअरपासून (ड्रमसंचातील कडक, चरचरीत आवाजाचा ढोल) दोरीने मोजून समान अंतरावर ठेवावेत, कारण ३४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे एका मिलिसेकंदाचा फरक, आणि तेवढ्यानेही स्नेअर पोकळ होतो. ड्रमवादकाला मात्र एकट्याला वाजवायला लावू नये. बाकीच्या तिघांनी हेडफोन लावून सोबत वाजवावे; त्यांचे वादन पुढे टाकून द्यावे लागले तरी चालेल, पण गाण्याची चाल जिवंत राहते.

उरलेले सर्व काम आपल्या खोलीत खुशाल करावे. धोका आहे तो मुद्रणात नव्हे, तर मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळी मुद्रित केलेली वाद्ये व आवाज यांचा मेळ बसवण्याचे काम, करताना ऐकण्यात. साडेतीन मीटरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४९ हर्ट्‌झचा स्वर घुमतो, आणि हा योगायोगाने बेसच्या सर्वांत जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा स्वर आहे. भिंतीलगत तो दणदणतो, तर खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. मधोमध बसून मिक्स करणारा माणूस तो कमी आहे असे समजून वाढवत जातो आणि मग अन्यत्र ऐकताना तोच एक स्वर गाणे गिळून टाकतो. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची हौस अनेकांना असते. त्याने एवढ्या खालच्या स्वरावर काहीच परिणाम होत नाही. कोपऱ्यांत रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, जाड थर उभे करावेत, बसण्याची जागा मध्यापासून हलवावी आणि मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) तरी या खोलीत कधीही न बसलेल्या कानांकडे सोपवावे.

घराजवळ काम करण्याची एक अडचण आपले स्नेही सांगायला विसरले असावेत. स्टुडिओचे घड्याळ पैसे मोजते. घरचे मोजत नाही. त्यामुळे एकच सोलो चाळीस वेळा वाजवला जातो आणि बहुधा तिसराच चांगला असतो. प्रत्येक गाण्याच्या गिटारसाठी दिवस ठरवून घ्यावेत, आणि ते संपल्यावर त्या गाण्याची फाइल पुन्हा उघडण्यासाठी चौघांचीही संमती लागेल, असा नियम आताच करावा. त्याच बैठकीत कोणत्या गाण्याचे शब्द आणि चाल कोणाची, हेही कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात.