स्पॅनिश वाचता येते, बोलता येत नाही

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. आवड म्हणून मोबाइलवरून व पुस्तकांतून स्पॅनिश शिकत आहे. साधा मजकूर वाचून कळतो, परंतु बोलायची वेळ आली की वाक्य जुळवता जुळवताच समोरच्याचा पुढचा प्रश्न येऊन ठेपतो. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए-२ ही प्राथमिक पातळी द्यायचा विचार आहे. इथे स्पॅनिश बोलणारे कोणी नाही, तर रोजच्या कामांतून बोलणे सुधारता येईल का? आणि उच्चार स्पेनचे ठेवावेत की लॅटिन अमेरिकेचे? — एक शिक्षिका

उत्तर : सुधारता येईल. मात्र बोलायला माणूस नसणे ही आपली दुय्यम अडचण दिसते. मुख्य अडचण ही, की मोबाइलवरचे बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकवत असल्यामुळे आपले वाक्य आधी इंग्रजीत जाते आणि मग स्पॅनिशमध्ये उतरते. हा वळसा सोडून द्यावा, कारण मराठी माणसाला त्याची गरजच नाही. ‘मला भरीत आवडते’ हे ‘मे गुस्ता एल भरीत’ असे सरळ उतरते, आणि वांगी अनेक असली की आपण ‘आवडतात’ म्हणतो तसेच तिथेही ‘मे गुस्तान लास बेरेन्खेनास’ होते. क्रियापद खाणाऱ्याकडे नव्हे तर वांग्यांकडे पाहते. इंग्रजीच्या वाटेने आलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. ‘आम्ही शेतात जायचो’ आणि ‘आम्ही शेतात गेलो’ यांतला फरकही ‘ईबामोस’ आणि ‘फुइमोस’ असा क्रियापदाच्या रूपातच दाखवला जातो. त आणि द हे तर आपल्यासारखेच दंत्य आहेत. (घरी अहिराणी आणि वर्गात प्रमाण मराठी बोलणाऱ्या आपल्या भागातील शिक्षकांना एका भाषेतून दुसरीत जाणे काही नवे नाही.)

रोजच्या सरावासाठी वेगळा वेळ काढू नये, कारण काढलेला वेळ परीक्षा-पेपरांच्या दिवसांत पहिल्यांदा बुडतो. कणीक मळताना ‘एस्तोय आमासांदो’ म्हणावे, म्हणजे मळते आहे. मग कोणासाठी, किती, नंतर काय करणार, हे त्यालाच जोडत जावे. शाळेतून परतल्यावर दिवसातला एकच प्रसंग निवडावा. समजा, एखाद्या मुलाने नकाशात अँडीज पर्वत दक्षिण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रंगवला. तेवढेच मोठ्याने सांगून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. शब्द अडला तर न थांबता तिथे मराठी शब्द घालून वाक्य पुरे करावे आणि कोश नंतर उघडावा. दुसऱ्या दिवशी ते ऐकून तोच प्रसंग पुन्हा सांगावा. नवा विषय घेण्याचा मोह होईल, पण ओघ येतो तो दुसऱ्या-तिसऱ्यांदा सांगताना, जेव्हा काय सांगायचे याची चिंता संपलेली असते.

विचार करायला सवड मिळावी म्हणून स्पॅनिश माणसेही ‘पुएस’, ‘आ वेर’, ‘ओ सेआ’ असे शब्द पेरत बोलतात. आपल्या ‘म्हणजे’, ‘बघा’ यांसारखेच ते समजावेत. ते आणि ‘मास देस्पासिओ, पोर फावोर’, म्हणजे ‘जरा सावकाश’, हे जिभेवर असले की पुढच्या प्रश्नाचा धाक बराच कमी होतो.

तरीही एकटीने बोलण्याला मर्यादा आहे, तेव्हा इंटरनेटवरून भाषेची देवाणघेवाण करणारी एखादी जोडीदारीण शोधावी. कोलंबिया आणि इक्वेडोरची मुख्य भूमी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असल्यामुळे आपल्या सकाळच्या सहा वाजता तिथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, म्हणजे शाळेआधीची वेळ दोघींनाही सोयीची. विषयाचीही वानवा नाही. इक्वेडोर हा जगातला सर्वांत मोठा केळी निर्यातदार देश आणि आपला तालुका केळीचा; कांदेबाग आणि मृगबाग या केळीच्या दोन हंगामांची लावण कधी होते, ठिबकने, म्हणजे ‘रिएगो पोर गोतेओ’ने, पाणी कसे देतात, हे समजावून सांगताना पाठ्यपुस्तकातल्या विमानतळाच्या संवादांपेक्षा कितीतरी जास्त बोलणे होईल. एवढेच ध्यानात ठेवावे की स्पेनमध्ये खायच्या केळ्याला ‘प्लातानो’ म्हणतात, तर कोलंबियात ते ‘बानानो’ आणि ‘प्लातानो’ म्हणजे शिजवायचे केळे.

परीक्षेबाबत सावध राहावे. ए-२ पातळीवर वाचन आणि लेखन यांचा एक गट व श्रवण आणि संभाषण यांचा दुसरा गट असतो आणि प्रत्येक गटात पन्नासपैकी किमान 30 गुण लागतात, त्यामुळे आपले चांगले वाचन बोलण्यातली तूट भरून काढणार नाही. भारतातील केंद्रे आणि तारखा यांची चौकशी नवी दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेकडे करावी.

उच्चारांचे म्हणाल, तर जिच्याशी रोज बोलाल तिचे घ्यावेत. ‘zapato’ (जोडा) असा लिहिला जाणारा शब्द स्पेनच्या बहुतांश भागात इंग्रजी ‘थिंक’मधल्या थ-सारख्या ध्वनीने सुरू होतो आणि लॅटिन अमेरिकेत तो ‘सापातो’ होतो. परीक्षेत दोन्ही चालतात.