क्विल्टसाठी पॉपलिन, केंब्रिक की मलमल?

तुम्ही विचारलंय की पॉपलिन, केंब्रिक, लॉन, मलमल सगळंच शंभर टक्के सुती, मग क्विल्टच्या, म्हणजे वर तुकडे जोडलेलं कापड, मध्ये भरण आणि मागे अस्तर अशा तीन थरांच्या गोधडीच्या, वरच्या थराला यातलं घ्यायचं काय?

मी आधी नाव विचारतच नाही. कापलेल्या कडेवर नख घासून बघते. दोनचार धागे निघाले तर हरकत नाही. झालर लोंबायला लागली तर कापड जागच्या जागी ठेवून देते. तुकडे जोडताना शिवणीत जेमतेम पाव इंच कापड दबतं. तेवढ्यातलं अर्धं उसवलं तर धुण्यात शिवण उघडी पडणारच. मग कापड उजेडासमोर धरायचं. फार आरपार दिसत असेल तर आतल्या भरणाचे तंतू त्यातून बाहेर येतात आणि गडद कापडावर पांढरी लव धरते. ती काही केल्या जात नाही.

'क्विल्टिंग कॉटन' म्हणून विकतात ते साध्या विणीचं, मध्यम जाडीचं, चौरस मीटरला साधारण 140-150 ग्रॅम भरणारं कापड. सुरुवातीला तेच घ्या. नाही मिळालं तर केंब्रिक किंवा पॉपलिन, दोन्ही चालतात. मलमल आणि तिच्यासारखंच झिरझिरीत व्हॉइल मला स्वतःला फार आवडतात, पण विरळ असल्यामुळे कापताना सरकतात आणि चौकोनाचा पतंग होतो. वापरायचंच असेल तर खळ देऊन, कडक इस्त्री करून मगच कापा. लॉन पातळ असलं तरी वीण घट्ट, त्यामुळे बारीक तुकड्यांना छान. फक्त त्याच्या शेजारी जाड कापड जोडू नका, शिवणीवरचा सगळा ताण लॉनवर येतो. सॅटिन विणीचं कापड मात्र नकोच. गुळगुळीत दिसतं, पण कडा भराभर सुटतात.

हाताने टाके घालणार असाल तर घट्ट विणीची चादर आणि बाटिक (मेण लावून रंगवलेलं, घट्ट विणीचं कापड) टाळा. तीन थरांतून सुई ओढताना बोटं दुखून येतात. मशीनवर त्याच बाटिकचा काही त्रास नाही.

फ्लॅनेल, म्हणजे मऊ लव असलेलं सुती कापड, पाठीमागे लावायला ऊबदार, पण इतरांपेक्षा जास्त आटतं, म्हणून कापण्याआधी धुवाच. लाल आणि गडद निळ्याचंही तेच: ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून बघा, रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवा.