संरक्षण समितीच्या कामाला लागताना

प्रिय मुली,

संरक्षणविषयक स्थायी समितीवर असलेल्या खासदारांकडे तू संशोधन साहाय्यक म्हणून रुजू होते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. कोणत्या विमानांबद्दल आणि कोणत्या तोफांबद्दल आधी वाचू, असं तू विचारलं आहेस. सध्या शस्त्रांचं काहीच वाचू नकोस. समितीचे जुने अहवाल काढ.

समितीत ३१ सदस्य असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०, आणि तिची मुदत असते जेमतेम एक वर्ष. विषय अंगवळणी पडतो न पडतो तोच समिती नव्यानं नेमली जाते. समोर साक्षीला येणारे सचिव आणि सेनाधिकारीही बदलून जातात, निवृत्त होतात. दोन वर्षांपूर्वी मंत्रालयानं लेखी काय कबूल केलं होतं, हे मग टेबलाच्या दोन्ही बाजूंना कुणालाच धड आठवत नाही. ते लक्षात ठेवायला कुणीतरी हवं, आणि ते काम तुझं आहे.

२०२५-२६ चा संरक्षणाचा अर्थसंकल्प सुमारे ६.८१ लाख कोटींचा होता. सभागृहात वेळ संपला की उरलेल्या अनुदान मागण्या, म्हणजे मंत्रालयांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमा, चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. संरक्षणाच्या मागण्यांवरही ही वेळ अनेकदा आली आहे. म्हणजे एवढ्या रकमेकडे कुणी ओळीओळीनं पाहणार असेल तर ते समितीतच. तिथंही हात बांधलेले असतात. समितीला कपात सुचवता येत नाही आणि तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. तिच्याकडे एकच मोठं साधन आहे: अधिकाऱ्यांना समोर बसवून उत्तर नोंदवून घेणं आणि ते छापून संसदेपुढे ठेवणं.

ते साधन किती धारदार असू शकतं, हे पाहायचं असेल तर मार्च २०१८ चा अहवाल वाच. अध्यक्ष होते मेजर जनरल (निवृत्त) भुवनचंद्र खंडुरी. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीला सांगितलं की, सैन्याची ६८ टक्के सामग्री जुन्या पिढीची आहे, २४ टक्के सध्याच्या आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. आधुनिकीकरणासाठी २१,३३८ कोटी मिळाले होते, तर आधीच सुरू असलेल्या १२५ योजनांचीच देणी २९,०३३ कोटींची होती. म्हणजे नव्या खरेदीचं सोडाच, जुने हप्तेही भागत नव्हते. वर्तमानपत्रांनी ६८ चा आकडा उचलला. मला महत्त्वाचा वाटतो तो देण्यांचा, कारण त्यातून पुढच्या वर्षीचा प्रश्न तयार होतो: थकलेली देणी कुठून भागवली आणि त्यासाठी कोणती खरेदी पुढे ढकलली? प्रश्न असा विचार की, ‘प्रयत्न सुरू आहेत’ हे उत्तर देताच येऊ नये.

गुप्ततेचा मुद्दा तुला पहिल्याच आठवड्यात भेटेल. लोकसभेच्या नियम २७० प्रमाणे, देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक ठरेल असा दस्तऐवज द्यायला सरकार नकार देऊ शकतं. याचा आदर कर. कोणत्या ठाण्यावर किती तोफगोळे आहेत, हे विचारण्याचं आपल्याला कारण नाही. पण दारूगोळ्याचा एकूण साठा ठरलेल्या पातळीला आहे का, हे विचारणं देशद्रोह नव्हे. २०१७ च्या अहवालात ‘कॅग’नं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, म्हटलं होतं की, ४० टक्के प्रकारच्या दारूगोळ्याचा साठा १० दिवसही पुरणार नाही इतका खाली आहे. हे उघडपणे संसदेत मांडलं गेलं. सीमेवर उभ्या असलेल्या जवानासाठी असा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा. त्याला स्वतःला तो विचारता येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या देशभक्तीवर कुणी शंका घेतली तर वाद घालत बसू नकोस. अहवालाचं पान पुढे कर.

आता प्रत्यक्ष काम. समितीच्या शिफारशींवर सरकारनं काय केलं, याचा वेगळा कृती-अहवाल निघतो. कंटाळवाणा दिसतो, म्हणून बहुतेक जण तो चाळतही नाहीत. तू त्यातलं चौथं प्रकरण आधी वाच: सरकारचं जे उत्तर समितीला पटलं नाही, ते तिथं असतं. मग पाचवं, जिथं अंतिम उत्तरं अजून यायची असतात. वर्षाअखेर उरलेली रक्कम परत न जाता पुढच्या वर्षी वापरता येईल, अशा आधुनिकीकरण निधीचा विषय घे. समितीनं तो अनेक लोकसभांमध्ये लावून धरला. पुढे पंधराव्या वित्त आयोगानंही २०२१ ते २०२६ साठी अशा निधीची शिफारस केली आणि सरकारनं ती तत्त्वतः मान्य केली. प्रत्येक वर्षीचं उत्तर एकाखाली एक उतरवून काढ. शब्द कुठं बदलले आणि कुठं जसेच्या तसे राहिले, ते खुणावून ठेव.

आणि एक, हे मात्र काटेकोर पाळ. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत बैठकीतलं काहीही बाहेर बोलायचं नाही, ओळखीच्या पत्रकाराशीही नाही आणि माझ्याशीही नाही. साक्षीदार अधिकारी मोकळेपणानं बोलतात ते दार बंद असतं म्हणूनच. मला पाठवायचं असेल तर मांडलेल्या अहवालांवरचं टिपण पाठव. आधुनिकीकरण निधीचं झालं की लगेच.

तुझा,
काका