पट्टी, पाकीट आणि एक कागद

प्रश्न : डॉक्टर, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना अशी नावं सतत कानावर येतात. परिषदा होतात, जाडजूड अहवाल निघतात. पण प्रत्यक्ष मुलापर्यंत काय पोचतं? मी दर वर्षी थोडीफार देणगी देते, म्हणून विचारते.

उत्तर : एक साधी पट्टी पोचते, तिच्यापासूनच सुरुवात करते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती ती गुंडाळायची. हिरवा रंग दिसला तर ठीक, पिवळा दिसला तर जपायला हवं. लाल दिसला, म्हणजे घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित. वजनकाटा लागत नाही, आकडे वाचता आले नाहीत तरी चालतं. आईलासुद्धा मोजता येतं. जिथे माझ्यासारखे बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं फिरकत नाहीत, तिथे ही पट्टी जीव वाचवते.

पूर्वी अशा मुलाला आठवडेच्या आठवडे रुग्णालयात ठेवावं लागे. आई त्याच्यापाशी अडकलेली, बाकीची भावंडं घरी एकटी. मग 1990 च्या दशकात शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं एकत्र केलेलं पाकीट आलं. 92 ग्रॅममध्ये साधारण 500 कॅलरी. शिजवायचं नाही की पाणी घालायचं नाही, त्यामुळे दूषित पाण्याचा धोकाही टळतो. मूल ते स्वतःच चोखून खातं. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी संयुक्त निवेदन काढलं : मुलाला भूक लागत असेल आणि दुसरा गंभीर आजार नसेल, तर उपचार घरीच करा. तुम्ही म्हणता तसलाच हा एक कागद! पण असा कागद हाती असला की सरकारांना आपले नियम बदलता येतात, म्हणून मी अहवालांना नावं ठेवत नाही.

वाटाघाटी हेही या संस्थांचंच काम. 1985 मध्ये मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशात यादवी पेटलेली असताना मुलांच्या लसीकरणासाठी दोन्ही बाजूंनी काही दिवस बंदुका खाली ठेवल्या. त्यासाठी युनिसेफ आणि चर्चने मध्यस्थी केली होती.

आता तुमच्या देणगीबद्दल. युनिसेफ पूर्णपणे ऐच्छिक निधीवर चालते, सरकारांनी दिलेला पैसाही त्यात ऐच्छिकच असतो. बातम्यांत गाजणाऱ्या संकटासाठी पैसा लगेच जमतो, विसरल्या गेलेल्या मुलांसाठी जमत नाही. म्हणून ‘सर्वाधिक गरज असेल तिथे’ असा पर्याय दिसला, तर कृपया तोच निवडा.