दुधी, भोपळा जाळीवर चढवला तर फळांच्या वजनाने वेल तुटतो का?

टेरेसवर जागा कमी म्हणून तुम्हाला दुधी, लाल भोपळा आणि झुकिनी तिन्ही जाळीवर उभी चढवायचीत आणि भीती वाटतेय की फळं लागली की वेल तुटेल. वेल नाही हो तुटत. पडते ती जाळी.

माझंच सांगते. पहिल्या वर्षी पुण्यात टेरेसवर मी पीव्हीसीच्या पाइपची फ्रेम केली, त्यावर नायलॉनची जाळी, दिसायला एकदम मस्त. ऑगस्टमध्ये पानांनी जाळी गच्च भरली, त्यात पाऊस आणि वारा, म्हणजे ते जहाजाचं शीडच झालं ना, एका रात्रीत सगळं तुळशीच्या कुंडीवर आडवं. सकाळी जाऊन बघते तर पाइप वाकलेले, एक सांधा निखळलेला आणि चारही दुधी देठाला जसेच्या तसे. फळ वाढतं तसा त्याचा देठही जाड आणि चिवट होत जातो, शिवाय वेलाचे ताणे चार ठिकाणी धरून असतात. त्यामुळे पैसे घालायचेच तर बांबूत घाला, आणि तो कुंडीत खोचू नका, कठड्याला नाहीतर भिंतीतल्या हुकाला तारेने आवळा.

आमच्या कोकणात मृगाच्या पावसावर पडवळ, दोडकी, घोसाळी लावायची आणि गणपतीपर्यंत मांडवाखालून वाकून जायची वेळ यायची. पडवळ सरळ वाढावं म्हणून आजी त्याच्या टोकाला सुतळीने दगड बांधायची, म्हणजे बघा, आपण वजनाला घाबरतो आणि ती वरून आणखी वजन लावायची! जमलं तर उभ्या जाळीच्या वर आडवा मांडव पण करा. फळं खाली मोकळी लोंबतात, सरळ होतात, मातीला टेकून कुजत नाहीत आणि खालच्या सावलीत अळू येतं ते वेगळंच.

जाळीची भोकं मोठी घ्या, हात आरपार गेला पाहिजे. माझी आधीची बारीक होती, एक दुधी करंगळीएवढा असताना भोकात शिरला, मला दिसलाच नाही, नंतर कमरेत आवळलेला डमरू निघाला तो. शेवटी जाळीच कापावी लागली.

वेल बांधायला नायलॉनची दोरी नको, वाऱ्याने हलून हलून ती खोडाला कापते. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या काढा आणि मराठी ४ च्या आकड्यासारखा पीळ देऊन सैल बांधा, एका बाजूला वेल, दुसऱ्या बाजूला बांबू. मांडवावर पोचेपर्यंत बाजूचे फुटवे काढायचे, वर पोचला की शेंडा खुडायचा. दुधीला मादी फुलं जास्त करून बाजूच्या फांद्यांवर येतात, शेंडा खुडला नाही तर नुसती नर फुलं मोजत बसाल.

फुलाच्या मागे इवलंसं फळ असेल तर ती मादी. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, भोपळ्याचं पिवळं पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतं, त्यामुळे आठ-नऊला उठून परागीकरण करू म्हटलं तर कधीकधी उशीर झालेला असतो. शहरात वरच्या मजल्यावर मधमाश्यांच्या भरवशावर राहू नका, नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादी फुलाच्या मध्यावर हलकं फिरवा. फळ धरलं की लगेच कागदाची नाहीतर पातळ कापडाची पिशवी घाला, नाहीतर फळमाशी डंख मारते आणि ते तिथूनच वाकडं होऊन सडतं.

आता लाल भोपळा. दीड-दोन किलोपर्यंत नुसता लोंबला तरी चालतो. त्याहून मोठ्या जातीचा असेल तर झोळी करा, कांद्याची जाळीची पिशवी उत्तम कारण त्यात पाणी साचत नाही. झोळीची गाठ बांबूला मारा, वेलाला नाही (हे सांगायचं कारण, मी मारली होती). गावाला तर मोठ्या भोपळ्याचा वेल सरळ छपरावरच सोडतात.

झुकिनीला मात्र जाळी देऊन उपयोग नाही, ती चढतच नाही, झुडपासारखी एका जागी बसते. फार तर मध्ये एक जाड काठी रोवून खोड कापडाने बांधत न्या आणि खालची जुनी पानं काढत राहा, तेवढी जागा वाचते.

कुंडीचं म्हणाल तर २० लिटरची रंगाची बादली दुधीला कमी पडते, ४०-५० लिटरचा अर्धा ड्रम घ्या आणि त्यात एकच वेल. उन्हात दुपारी पानं माना टाकतात, लगेच पाणी ओतू नका, संध्याकाळपर्यंत आपोआप सावरली तर काही झालेलं नाही.

आणि तुम्ही लिहिलंय तसं बाल्कनीच्या रेलिंगवरच भोपळा सोडायचा विचार असेल तर नको, खाली लोकांच्या गाड्या असतात. तिथे काकडी लावा.