‘त्रास नाही, मग गोळी कशाला?’

निवृत्त सैनिकांच्या समुपदेशनात हा प्रश्न हमखास येतो. पन्नाशीतले एक गृहस्थ (ओळखीचे तपशील बदलले आहेत) तोच घेऊन आले होते. खरं तर पत्नीने आणलं होतं. मधुमेहाचं निदान अलीकडचंच, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ८.२ टक्के. “नोकरीत कधी उशीर नाही आणि दोन गोळ्या लक्षात राहत नाहीत यांच्या!” पत्नीची तक्रार.

मला ते विसरणं वाटेना. थोडं बोलतं केल्यावर कळलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने पोट बिघडायचं म्हणून त्यांनीच परस्पर गोळ्या कमी केल्या होत्या. डॉक्टरांना सांगितलं? “एवढ्यातेवढ्यासाठी काय सांगायचं, मॅडम?” फौजेत दुखणं अंगावर काढायची सवय लागते. आजार कागदावर आला की मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीचा दर्जा) खाली येण्याची धास्ती असते. निवृत्तीनंतरही ती सवय जात नाही, आणि मधुमेहात तीच महागात पडते.

“साखर वाढली तर पुढे घेऊच की,” असं ते म्हणाले, तेव्हा मी त्यांना दोन अभ्यास सांगितले. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या मधुमेहाच्या अभ्यासात नुकतंच निदान झालेले रुग्ण होते. एका गटाची साखर औषधांनी काटेकोर आटोक्यात ठेवली, दुसऱ्याचा भर मुख्यतः आहारावर होता. मूळ अभ्यास संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही सुरुवातीला काटेकोर नियंत्रण असलेल्या गटात दहा वर्षांनंतरही हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी दिसले. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या १,७९१ माजी सैनिकांचा, २००९ साली प्रसिद्ध झालेला. त्यांचं निदान होऊन सरासरी साडेअकरा वर्षं उलटली होती. साखर चांगली उतरवूनही हृदयविकार आणि पक्षाघातात ठळक फरक पडला नाही. दोन अभ्यासांची थेट तुलना करता येत नाही, हे खरं. उशिरा औषध घेणं वाया जातं, असंही नाही. लघवीतून प्रथिनं जाण्याचं (मूत्रपिंडाला इजा होत असल्याची खूण) प्रमाण त्या माजी सैनिकांमध्येही कमी वाढलं. पण सुरुवातीच्या वर्षांची भरपाई नंतर पूर्ण होते, हा भरवसा मी कुणाला देणार नाही.

ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “पोटाचं काय?”

त्याला उपाय होता. डॉक्टरांनी सावकाश विरघळणारी गोळी दिली, जेवणासोबत, लहान डोसपासून वाढवत. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.१ आला. बी-१२ जीवनसत्त्व अधूनमधून तपासायला सांगितलंय, कारण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं. प्रवासात अजून डोस चुकतात. हे मात्र त्यांनी आपणहून डॉक्टरांना सांगितलं.