रस्टचा व्हेक सी-कडे देताना

रस्ट भाषेतला व्हेक (Vec, म्हणजे गरजेप्रमाणे वाढणारी यादी) जसाच्या तसा सी भाषेतल्या कोडकडे पाठवू नकोस. त्यात पॉइंटर (डेटाचा मेमरीतला पत्ता), लांबी आणि कपॅसिटी (किती घटकांची जागा घेऊन ठेवलीय ते) असते, पण कुठल्या क्रमाने याची हमी रस्ट देत नाही. पॉइंटर आणि लांबी वेगवेगळी दे.

खरी गोची मेमरी सोडताना होते. ज्याने घेतली त्यानेच सोडायची. सी-च्या फ्री (free) या मेमरी सोडणाऱ्या फंक्शनने रस्टची मेमरी सोडलीस तर प्रोग्राम कधी लगेच कोसळतो, कधी तासाभराने भलत्याच ओळीवर. माझे दोन दिवस त्यात गेलेत. म्हणून सोडणारं फंक्शन रस्टमध्येच लिही, सी-ने फक्त ते बोलवावं. तिथे व्हेक पुन्हा बांधताना मूळचीच कपॅसिटी लागते, नुसती लांबी चालत नाही.

आणि सी-कडे पॉइंटर असेपर्यंत व्हेकमध्ये पुश, म्हणजे नवा घटक घालणं, अजिबात नको. जागा संपली की अख्खा अ‍ॅरे दुसरीकडे हलू शकतो, सी मात्र जुन्याच पत्त्यावर वाचत राहतं.